जुन्नरचं सागवान आणि सेव्रची चिनीमाती

1774 सालच्या उन्हाळ्यात दोन दरबारांना नवे धनी मिळाले. 18 एप्रिलला पुरंदर किल्ल्यावर गंगाबाईंना मुलगा झाला. त्याच्या वडिलांचा, नारायणराव पेशव्यांचा, शनिवारवाड्यात खून होऊन जेमतेम आठ महिने लोटले होते. मुलगा चाळीस दिवसांचा झाला तेव्हा त्याच्या नावाने पेशवाईची वस्त्रं आली. हेच सवाई माधवराव. मधल्या काळात, 10 मे रोजी, व्हर्सायच्या राजवाड्यात पंधरावा लुई देवीच्या रोगाने गेला आणि त्याचा एकोणीस वर्षांचा नातू सोळावा लुई म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. तीनच वर्षांनी या तरुण राजाच्या नावाचं पत्र घेऊन एक फ्रेंच वकील कोकणच्या किनाऱ्यावर उतरला आणि पुण्यात पोचला. पुढे जे राजकारण झालं ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. मला इथे त्या दोन दरबारांच्या दिवाणखान्यांकडे पाहायचं आहे, कारण कोण कशावर बसतो, कशावर लिहितो आणि समोरच्याला काय दाखवून दिपवू पाहतो, यातून त्या काळाची बरीच ओळख पटते. आणि त्यातला पुण्याचा दिवाणखाना उभा होता तो जुन्नरच्या लाकडावर.

आधी पॅरिस. त्या काळी तिथे रू सँ-तोनोरे या रस्त्यावर ‘सोन्याचा मुकुट’ अशी पाटी असलेलं एक दुकान होतं. सिमाँ-फिलिप प्वारिए हा त्याचा मालक. 1777 च्या सुमारास धंदा त्याचा भागीदार दोमिनिक दागेर याच्या हाती गेला. हे दुकानदार स्वतः सुतार नव्हते. डोकं त्यांचं, हात दुसऱ्यांचे. सेव्रच्या राजकारखान्यातून चिनीमातीच्या रंगवलेल्या तबकड्या विकत घ्यायच्या, त्या मार्तँ कार्लँसारख्या सुताराला द्यायच्या, पितळेच्या ओतीव चौकटी तिसऱ्याकडून आणि त्यांवरचा सोन्याचा मुलामा चौथ्याकडून करून घ्यायचा, अशी त्यांची रीत. पॅरिसच्या कारागीर श्रेणींचे नियम कडक होते. लाकडाच्या कारागिराने धातू ओतायचा नाही, ओतणाऱ्याने लाकडाला हात लावायचा नाही. त्यामुळे एका लहानशा लिहिण्याच्या मेजामागे चार-पाच कारखाने राबत आणि सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे हा दुकानदार.

कार्लँ मूळचा जर्मन. 1766 मध्ये त्याला पॅरिसमध्ये उस्तादाची सनद मिळाली, 1785 मध्ये तो वारला. त्याच्या हातचं एखादं मेज जवळून पाहिलं की कळतं, की आत साधं ओकचं लाकूड आहे. वर ब्राझीलहून आलेल्या गुलाबी छटेच्या लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला असतो. दर्शनी बाजूला चिनीमातीच्या तबकड्या: पांढऱ्याशुभ्र पृष्ठावर फुलांचे गुच्छ, कडेला हिरवी किंवा आकाशी पट्टी. या तबकड्या चिकटवलेल्या नसतात. मुलाम्याच्या चौकटींनी त्या जागच्या जागी धरून ठेवलेल्या असतात. एखादी काढून उलटी केली, तर मागे दोन ‘एल’ अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतात, ती राजाच्या नावाची. त्यांच्या मध्ये एक अक्षर असतं, ते वर्षाचं. 1753 ला ‘ए’ धरून कारखान्याने सुरुवात केली होती आणि 1777 ला वर्णमालेतलं शेवटचं अक्षर ‘झेड’ आलं. पुढच्या वर्षापासून अक्षरं दुहेरी झाली. काही तबकड्यांच्या पाठीवर किमतीची कागदी चिठ्ठी अजून टिकून आहे. दोनशे-अडीचशे वर्षं लाकडाच्या अंधारात राहिल्यामुळेच ती वाचली.

मुलाम्याचं काम जिवावरचं होतं. सोनं पाऱ्यात कालवून ते पितळेवर माखायचं, मग निखाऱ्यांवर धरायचं. पारा वाफ होऊन उडतो, सोनं धातूला धरून राहतं. ती वाफ कारागिराच्या फुफ्फुसात जाई, दात हलत, हात कापू लागत. आपल्याकडच्या मुलामेवाल्यांनाही पाऱ्याची ही विद्या ठाऊक होती. देवळांचे कळस याच रीतीने झळाळले. ती झळाळी कोणाच्या छातीतून आली, हे ना व्हर्सायच्या हिशोबात सापडतं ना आपल्या देवस्थानांच्या.

या सामानाच्या घडणीत आणखी एक गोष्ट होती. हर्क्युलेनियम 1738 पासून आणि पाँपेई 1748 पासून जमिनीखालून वर येऊ लागली होती. ज्वालामुखीच्या राखेखाली दडपलेल्या रोमन घरांतल्या भिंती, दिवे, तिवया पाहून युरोप हरखून गेला. पंधराव्या लुईच्या काळातल्या वळणावळणाच्या, शिंपल्यांसारख्या नक्षीचा कंटाळा आला आणि सरळ पाय, खाचा पाडलेले खांब, लॉरेलच्या पानांच्या माळा, ग्रीक पद्धतीच्या पट्ट्या यांची हौस सुरू झाली. पॅरिसवाले तिला ‘ग्रीक चव’ म्हणू लागले. जुन्नरच्या माणसाला हे वाचताना आपलं गाव आठवल्याशिवाय राहत नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतल्या लेण्यांत तीन यवनांची दानं कोरलेली आहेत: गतांच्या इरिलाने दोन पाण्याच्या पोढी दिल्या, गतांच्याच चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, चंद्र नावाच्या तिसऱ्याने लेण्याचं दर्शनी काम करून दिलं. भूमध्य समुद्राकडचा माल कल्याणच्या बंदरात उतरून नाणेघाट चढून ज्या काळी वर येत होता, त्या काळचे हे लेख. पॅरिसच्या सुतारांनी अठराव्या शतकात ज्या जगाची नक्कल केली, त्या जगाशी देवघेव करणारे लोक जुन्नरमध्ये सतराशे-अठराशे वर्षं आधी देणग्या देऊन गेले होते.

आता पुणे. पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी केली आणि 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली. खर्च 16,110 रुपये. दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीचा आणि सागवान जुन्नरच्या रानातलं. सुमारे 90 कि.मी.चा तो रस्ता तोडलेल्या ओंडक्यांनी कसा पार केला असेल, याचा विचार करावा. चाकण ओलांडून, भामा-इंद्रायणीचे उतार उतरून, पावसाळ्याच्या आत. त्या लाकडाचे खांब झाले, तुळया झाल्या, छतं झाली. पेशवाईच्या लाकूडकामाची सारी बुद्धी इमारतीतच खर्च होई. सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब, त्याच्या माथ्याला केळफूल, कमानीत महिरप. पुण्यातल्या नानावाड्यात हे खांब आजही पाहता येतात. नाना फडणिसांनी तो 1780 च्या सुमारास बांधला.

खांबांच्या मधे मात्र रिकामी जमीन. जाजम, त्यावर गालिचा, गादी, लोड, तक्के. सरदार आले की बिछायत पडे, उठले की गुंडाळली जाई. भोवती पानदान, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी. वर हंड्या आणि झुंबरं. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता, म्हणजे परदेशी काच दरबाराला वर्ज्य नव्हती. युरोपातून येणाऱ्या वस्तूंपैकी जे टांगता येतं, भिंतीला लावता येतं किंवा हातात धरता येतं, ते या दिवाणखान्यात सहज सामावलं: आरसे, दिवे, घड्याळं, दुर्बिणी. खुर्ची आणि उंच मेज सामावलं नाही. खुर्चीवर बसलेला माणूस गादीवर बसलेल्या धन्यापेक्षा उंच होतो, आणि जिथे कोण कोणाच्या उजव्या हाताला, गादीपासून किती हात अंतरावर बसतो यावरून रुसवे-फुगवे आणि वैरं होत, तिथे असा पेच कोण पत्करेल? शिवाय आपला पावसाळा. सरसाने चिकटवलेला पापुद्रा कोकणच्या दमट हवेत एक आषाढ काढू शकला नसता.

तो फ्रेंच वकील, सेंट लुबिन, मार्च 1777 मध्ये चौल-रेवदंड्याला उतरला. त्याचं जहाज ‘सार्टिन’, हे नाव फ्रान्सच्या नौकामंत्र्याचं. जहाजावर तोफा-बंदुका आणि व्यापारी माल होता. माणूस हिंदुस्थानाला नवखा नव्हता. यापूर्वी मद्रासकडे इंग्रजांच्या आणि हैदर अलीच्या वर्तुळात वावरलेला, बोलण्यात तरबेज, पैशाच्या व्यवहारात संशयास्पद. मे महिन्यात तो पुण्याला पोचला आणि त्याचं मोठ्या इतमामाने स्वागत झालं. बाल पेशव्याचं वास्तव्य पुरंदरावर होतं. कारभार नाना फडणीस आणि सखारामबापू बोकील पाहत. फ्रान्सच्या राजाचं आणि मंत्र्याचं पत्र दरबारात रुजू झालं. ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे त्याने देऊ केलं ते असं: अडीच हजार युरोपीय सैनिक, कवाईत शिकवलेले दहा हजार शिपाई आणि हवा तेवढा दारूगोळा. बदल्यात चौलचं बंदर.

पुण्यातले इंग्रज वकील हादरले. आधी अप्टन, मग मॉस्टिन, दोघांची मुंबई-कलकत्त्याला पत्रांवर पत्रं. त्यांना दिसत होतं की फ्रेंच वकिलाला मिळणारा मान मुद्दाम त्यांच्या डोळ्यांसमोर दिला जातो आहे. आणि तसंच होतं. पुरंदरचा तह 1 मार्च 1776 ला झाला होता, पण पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाला मुंबईकर इंग्रजांनी काही दूर केलं नव्हतं. सेंट लुबिनच्या स्वागतातला प्रत्येक हत्ती, प्रत्येक पोशाख हा मुंबईला पाठवलेला निरोप होता. नाना या माणसाच्या बोलण्याने भुलले असं मानणारे इतिहासकार आहेत. मला ते पटत नाही. नानांनी त्याच्याकडून जे मागितलं ते सैन्य, जहाजं आणि तोफा. जे आलं नाही, त्यासाठी त्यांनी काही दिलंही नाही. चौल त्याच्या हाती लागलं नाही. 1778 मध्येच त्याला निरोप मिळाला.

त्या वेळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. अमेरिकेत साराटोगाला इंग्रज सेनापतीने ऑक्टोबर 1777 मध्ये शरणागती पत्करली, फेब्रुवारी 1778 मध्ये फ्रान्सने अमेरिकनांशी तह केला. कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जला पुण्यातला फ्रेंच वकील म्हणजे हिंदुस्थानात उघडणारी दुसरी आघाडी वाटली. त्याने काल्पीहून कर्नल लेस्लीची फौज पश्चिमेकडे सोडली. मुंबईकरांनी थांबायची तयारी ठेवली नाही. रघुनाथरावाला घेऊन बोरघाट चढले आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला मराठ्यांनी त्यांना कोंडून तहावर सही करायला लावलं. मॉस्टिन त्या स्वारीच्या आरंभीच वारला. पुण्यात आलेल्या एका वकिलाच्या पत्रावरून युद्धाला इतकी उकळी फुटली.

हे सारं लिहिलं गेलं कशावर, ते मला महत्त्वाचं वाटतं. व्हर्सायमध्ये लिहिणं हाच एक सोहळा होता. पत्र लिहायला पुढची फळी खाली पाडून उघडणारं कपाट, त्याला दहा कप्पे, काही गुप्त, समोर चिनीमातीचे गुलाब. मादाम द्यू बारीपासून मारी आँत्वानेतपर्यंत दरबारातल्या स्त्रियांनी अशा सामानावर अतोनात पैसा ओतला. पुण्याच्या फडावर दोनशेहून अधिक कारकून मांडी घालून बसत. उजवा गुडघा उभा, त्यावर कागद, शेजारी कलमदान आणि दौत, मागे रुमालात बांधलेली दप्तरं. नाना स्वतः याच फडाचे धनी. तिथे मेज नव्हतं, म्हणून साऱ्या कामाचा भार कागदावर होता. आणि तो कागद जुन्नरी.

जुन्नरच्या कागदी मुसलमानांचा हा धंदा. जुनं तागाचं गोणपाट आणि दोरखंड कापून चुन्यात कुजवायचं, ढेंगीखाली कुटून लगदा करायचा, नदीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा. मग हौदात घोळून गवताच्या काड्यांच्या साच्यावर एकेक ताव उचलायचा. ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. या घोटण्यानेच बोरू न अडता धावतो आणि शाई फुटत नाही. कागद घट्ट, किंचित पिवळसर, हाताला खादीसारखा दणकट. पेशव्यांनी जुन्नरचे काही कागदी पुण्याला आणून वसवले. कसब्यातला कागदीपुरा तो त्यांचाच. सेव्रच्या कारागिरांची नावं त्यांच्या खुणांवरून आज ओळखता येतात. जुन्नरच्या कागदींनी तावावर नाव घातलं नाही, आणि मराठी इतिहास मात्र अक्षरशः त्यांच्या हातच्या कामावर उभा आहे. याची खंत आपण पुरेशी केलेली नाही असं मला वाटतं.

परकी वस्तू मराठ्यांनी कशी आपलीशी केली, याचा याच भागातला नमुना भीमाशंकरला आहे. आंबेगावच्या पश्चिमेला, खेडच्या शिवेवर, रानात हे देऊळ. त्याचं शिखर नाना फडणिसांच्या बांधकामातलं. देवळाच्या आवारात शनिमंदिरापुढे एक मोठी घंटा टांगली आहे. ती पोर्तुगिजांच्या चर्चमधली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर ती इथे आली. तिच्यावरची ख्रिस्ती चिन्हं कोणी घासून काढली नाहीत. घंटेचं काम वाजायचं, ते ती इथेही करू लागली. तोफ, घंटा, आरसा, घड्याळ, कवाईत, यांना मराठी जीवनात काम होतं. महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये सव्हॉयचा दे बॉइन पदरी ठेवला आणि फ्रेंच धाटणीची पलटणं उभी केली, तीही याच न्यायाने.

श्रीरंगपट्टणचा मार्ग वेगळा. टिपू सुलतानाने तीन वकील थेट फ्रान्सला धाडले. 10 ऑगस्ट 1788 रोजी सोळाव्या लुईने त्यांना व्हर्सायला भेट दिली, त्यांना सेव्रचा कारखाना दाखवला आणि सुलतानासाठी चिनीमातीचा नजराणा दिला. टिपूला हवी होती फौज आणि कारागीर. फौज मिळाली नाही. त्याच्या पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये बॅस्तिल पडलं.

पुण्याच्या दरबाराचं त्या दिवसांतलं चित्र आपल्याकडे आहे. 6 ऑगस्ट 1790 रोजी शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने टिपूविरुद्धच्या तहाचे कागद सोळा वर्षांच्या सवाई माधवरावांपुढे रुजू केले. जेम्स वेल्सने केलेल्या अभ्यासचित्रांवरून थॉमस डॅनियलने 1805 मध्ये लंडनमध्ये ते रंगवलं. गणपतीची मोठी मूर्ती, उंच खांब, पांढऱ्या पोशाखातले मुत्सद्दी दाटीवाटीने बसलेले आणि त्यांच्यात इंग्रज मंडळी तशीच जमिनीवर. अख्ख्या महालात खुर्ची नाही. मला हे चित्र मराठी सत्तेच्या आत्मविश्वासाचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो: जो येईल त्याने आमच्या बिछायतीवर, आमच्या रीतीने बसावं. बारा वर्षांनी, वसईच्या तहानंतर, ही अट घालायची ताकद राहिली नाही.

व्हर्सायचा शेवट आधी झाला. 21 जानेवारी 1793 ला राजाचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी 25 ऑगस्टपासून राजवाड्यातल्या सामानाचा जाहीर लिलाव सुरू झाला. तो वर्षभर चालला. सतरा हजारांहून अधिक बोल्या. कार्लँची मेजं, रीझनेरची कपाटं, चिनीमातीची बैठकीची भांडी सरदारांच्या घरांतून निघून व्यापाऱ्यांकडे आणि तिथून इंग्लंडच्या उमरावांकडे गेली. दागेरने लंडनमध्येही बस्तान बसवलं होतं. एकोणिसाव्या शतकात या शैलीच्या नकलांचं पीक आलं, आणि तेव्हा कुठे ती मराठी राजवाड्यांत शिरली. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये जयविलास बांधला, बडोद्याला सयाजीराव गायकवाडांचा लक्ष्मीविलास 1890 मध्ये पुरा झाला. तिथे मुलाम्याच्या खुर्च्या आल्या, पाहुणे गव्हर्नर आणि व्हाइसरॉय होते, आणि बसायची रीत आता पाहुण्यांची होती.

जुन्नरचं सागवान त्याआधीच गेलं होतं. 27 फेब्रुवारी 1828 रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. आरसेमहाल, गणपती रंगमहाल, ते खांब, ती छतं, सगळं जळालं. उरले दगडी जोती, तट आणि दरवाजे. कागद मात्र वाचले. इंग्रजांनी 1818 मध्ये पेशवाईची दप्तरं ताब्यात घेतली होती, कारण जमिनींचे आणि इनामांचे हक्क ठरवायला त्यांनाच ती लागणार होती. गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्यांतून निवडून पेशवे दप्तराचे 45 खंड छापले, तरी ती चिमूटभरच. बाकीचे कोट्यवधी कागद आज पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. बहुतेक मोडीत, बरेचसे जुन्नरी कागदावर. ज्या साली सेव्रच्या तबकड्यांवर ‘झेड’ उमटत होता, त्या सालच्या पुणे दरबाराचा दाणागोटा, नजरनजराणे, जासुदांचे पगार आणि फ्रेंच वकिलाच्या मुक्कामाचा रोजचा खर्च शोधायचा, तर जायला हवं ते त्याच रुमालांकडे.